पट्टीबाईंची भरलेली पेटी

आमच्या कारखान्यात ज्याचं एकही बोट कधी पट्टीबाईंच्या हाताखालून गेलं नाही असा माणूस दाखवा, मी लिहून देतो की त्यानं नोकरीभर काम केलेलं नाही. कारखान्याचा दवाखाना म्हणजे एक बाक, एक कपाट आणि एक माणूस पाय पोटाशी घेऊन आडवा होईल एवढी जागा. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी तासभर येत. उरलेला आठवडा बाईंचा. पत्र्यानं कापलेले, भट्टीनं भाजलेले, डोळ्यात कीस गेलेले आणि घरी भांडून आल्यामुळे ‘जरा डोकं धरलंय’ म्हणणारे, सगळ्यांकडे त्या एकाच नजरेनं बघत: आता तू आणखी काय घेऊन आलास. एकतीस वर्षं ती नजर तशीच होती. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि ते तिथंच राहिलं.

त्यांचे यजमान त्याच कारखान्यात फोरमन. या लग्नाची कथा मी हजार वेळा सांगितली आहे, एकदा आणखी. अंगठा चेमटला म्हणून हे महाशय दवाखान्यात गेले. अंगठा तीन आठवड्यांत बरा झाला, पट्टी मात्र चार महिने चालली. शेवटी बाईंनीच विचारलं म्हणे, की अंगठ्याला आता काही नाही, दुखतंय ते दुसरीकडे असेल तर तसं सांगा. फोरमन म्हणतात असं काही झालंच नाही. बाई काहीच म्हणत नाहीत. म्हणजे झालं असणार.

निवृत्त झाल्यावर फोरमनना साखर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. एकट्यानं चालायची त्यांना लाज वाटली, म्हणून त्यांनी आम्हा दहाबारा जणांना चालायला लावलं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी डोंगर. कधी हा, कधी तो, पण डोंगरच. सपाटीवर चालणं म्हणजे काय चालणं, असं त्यांचं मत. आता डोंगर म्हटला की पडणं आलं, आणि पडणं आलं की औषधाची पेटी आली. ती कुणी न्यायची हे कुणी विचारलंही नाही. उताराकडे पाणी जातं तशी पेटी बाईंकडे गेली आणि अकरा वर्षं तिथंच साचून राहिली.

पेटी म्हणायची ती कारखान्यातली सवय. खरं तर ती जाड कापडाची, पाठीवर अडकवायची पिशवी होती. तिचं झाकण उघडलं की आत पुठ्ठ्याची खोकी ओळीनं उभी, नावं वर. दुसऱ्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी, सकाळचं काम आवरलं की बाई जेवणाच्या टेबलावर धुतलेली चादर पसरत आणि एकेक खोकं उघडून आतलं बाहेर काढत. सगळ्यांत वर हातमोजे, जंतू मारलेल्या कापडाच्या घड्या आणि गुंडाळपट्ट्या. रक्त वाहत असताना, माणूस ओरडत असताना, न बघता हाताला लागायला हवं ते वर, असा नियम. त्याखाली मुरगळलेल्या घोट्यासाठी ताणाची पट्टी, हात गळ्यात अडकवायला तिकोनी कापड, चिकटपट्टी, जखम धुवायचं औषध, काटा काढायचा चिमटा. मीठ-साखरेच्या पुड्या, आणि फोरमनची साखर उतरली तर ग्लुकोज. कात्री दोरीनं पिशवीला बांधलेली, कारण बाईंच्या अनुभवात कात्रीला पाय असतात. एक शिट्टी. आणि प्रत्येकाच्या नावाचं कार्ड: कुठली गोळी चालू आहे, काय सोसत नाही, घरी कुणाला कळवायचं. माझ्या कार्डावर त्यांनी लिहिलं आहे: ‘रक्तदाब. बडबड.’ दुसऱ्याला औषध नाही म्हणून पुढची ओळ कोरी सोडली आहे.

दर महिन्याच्या त्या शुक्रवारी त्यांना तीनचार खोकी रिकामी सापडत. डोंगरावर कुणाला खरचटलेलंही नसे, पण चिकटपट्टी कुणाच्या चष्म्याच्या दांडीला गेलेली असे, तिकोनी कापडात कुणी रानफळं बांधून घरी नेलेली असत. आणि नेणारा खोकं टाकून देत नसे. ते पुन्हा जागच्या जागी, नाव वर करून, नीट उभं ठेवत असे. झाकण उघडून बघणाऱ्याला पेटी कशी गच्च दिसे. बडा घर, पोकळ वासा. बाई रिकामं खोकं बाजूला काढत, भरत, परत ठेवत, आणि अकरा वर्षांत त्यांनी एकालाही यावरून एक शब्द ऐकवला नाही. एरवी अंगठ्यावरच्या मळावरून माणसाची सात पिढ्यांची हजेरी घेणारी बाई इथं गप्प का, याचं मला नवल वाटे. पण स्वतःहून विचारायला जावं एवढा मी निष्पाप नव्हतो.

गेल्या वर्षापासून मात्र बाई पेटी सोडायची म्हणू लागल्या. सत्तरी आली, गुडघे कुरकुरतात, चढताना पिशवी खांद्यात रुतते, एवढंच कारण नव्हतं. आयुष्यभर आपण दुसऱ्यांच्या पडण्याची वाट बघत बसलो, असं त्या एकदा मला म्हणाल्या. आता डोंगरावर जाऊन नुसता डोंगर बघायचा आहे. त्यांनी प्रत्येकाला विचारलं. कुणाची पाठ निघाली, कुणाची नजर. माझी स्मरणशक्ती निघाली. सगळ्यांत वरताण निघाला टर्नर. चाळीस वर्षं लेथवर लोखंड सोलणारा गडी. तो म्हणाला, मला रक्त बघितलं की भोवळ येते. बाईंनी त्याच्या डाव्या हाताच्या तीन बोटांवरचे व्रण त्यालाच दाखवले. हे सगळे शिवले तेव्हा मी जवळ होते, म्हणाल्या, तेव्हा तू भोवळ येऊन पडला नव्हतास, चहा मागत होतास.

टर्नर कात्रीत सापडला. शेवटी त्यानं कबूल केलं, पण अटीवर. या वेळची पेटी बाईंनीच भरायची, डोंगरावर त्याला सगळं समजावून द्यायचं, आणि त्याला हे जमेल असं वाटलं तर परत येताना पेटी त्याच्या घरी जाईल. नाही वाटलं तर नाही. बाईंनी मान हलवली. त्या दिवसापासून त्या रविवारचे दिवस मोजायला लागल्या हे फोरमननी मला सांगितलं. लग्नाचेसुद्धा मोजले नव्हते, असंही सांगितलं.

आता इथं बुटांची भानगड सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्याआधीच्या सहलीला आम्ही सगळे एकसारखे नवे बूट घालून गेलो होतो. दुकान फोरमननी शोधलेलं, बूट फोरमननी पसंत केलेले, आणि त्यांचं कौतुक त्यांनी पायथ्यापासून माथ्यापर्यंत केलं. बूट चावत होते. कुत्रं परवडलं, असे चावत होते. पण फोरमनना सांगणार कोण? निवृत्त झाला तरी फोरमन तो फोरमन. मग प्रत्येक जण ‘जरा आडोशाला जाऊन येतो’ म्हणत पेटीकडे गेला आणि टाचेला काहीबाही बांधून, चेहरा सरळ करून परत आला. बाई खाली पाठ टेकून जरा डोळे मिटून पडल्या होत्या. मी गुंडाळपट्ट्यांचं अख्खं खोकं रिकामं केलं, कारण मला दोन पाय आहेत. वर खोकं हलकं लागू नये म्हणून त्यात वर्तमानपत्राची घडी कोंबली. दुसऱ्यांनी काय काय केलं ते मला माहीत नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच.

त्या दिवशी कुणी पडलं नाही, तेव्हा गेली असतील तर नेहमीची तीनचार खोकी, असा बाईंचा समज. मग तो शुक्रवार आला. त्या आठवड्यात फोरमनच्या डोळ्याच्या तपासणीसाठी तीनदा जाऊन यावं लागलं होतं, त्यातून इमारतीची लिफ्ट बंद, चार मजले गुडघ्यांवर. बाईंनी चादर पसरली. पिशवीचं झाकण उघडलं. खोकी ओळीनं उभी होती, नावं वर. त्यांनी बोट फिरवत ती मोजली. मग चादर तशीच घडी करून ठेवली आणि झाकण लावलं.

“झालं?” समोर बसलेल्या फोरमननी विचारलं.

“झालं,” बाई म्हणाल्या.

रविवारी टर्नर मोठ्या ऐटीत होता. चढतानाच त्यानं पेटी पाठीवर घेतली. बघू तरी ओझं किती, म्हणाला, आणि हे तर काहीच नाही, म्हणाला. बाई शेजारून काठी टेकत चालत होत्या. त्यांच्या खांद्यावर काही नव्हतं. माथ्यावर पोचल्यावर त्या खडकावर बसल्या आणि बराच वेळ दरीकडे बघत राहिल्या. आधी बघणं, मग शिकवणं, असं त्यांनी टर्नरला सांगितलं. टर्नरला काय, शिकवणी चुकली तर हवीच होती. मग ऊन चढलं, आणि खाली पोचल्यावर सावलीत शिकवते, असं ठरलं.

उतरताना सुट्या दगडांची एक घसरण आहे. आम्ही सगळे तिथं बाजूनं, झुडपांना धरत उतरतो. टर्नर पेटी घेतल्यापासून मोठा झाला होता, तो मधून उतरला. दोन पावलं बरोबर पडली. तिसऱ्याला पाय निघून गेला, तो पाठीवर आपटला आणि घसरत जाऊन एका उभ्या दगडाच्या धारेला नडगी लागली. पाठ वाचली, कारण खाली पेटी आली. त्या दिवशी पेटीनं केलेलं तेवढंच काम.

जखम वीतभर होती आणि खोल. रक्त मोज्यातून बुटात उतरत होतं. बाईंचे गुडघे गेल्या दोन वर्षांत जमिनीला टेकले नव्हते, ते टेकले. त्यांनी हात मागे केला, न बघता, दवाखान्यात करत तसा. फोरमननी पेटी उघडून हातमोजे दिले. ते होते, हातमोज्यांचा घरी कुणाला उपयोग? मग कापडाच्या घड्यांचं खोकं दिलं. बाईंनी झाकण काढलं. रिकामं. दुसरं. रिकामं. मग गुंडाळपट्ट्यांचं. त्यातून वर्तमानपत्र निघालं. ताणाच्या पट्टीच्या खोक्यात कुणाचा तरी जुना मोजा होता. एकेक हलकं खोकं दगडांवर टक् टक् पडत होतं. मी माझ्या टाचांकडे बघत होतो.

बाईंनी मान वर करून एकाकडेही पाहिलं नाही.

“अहो, शर्ट काढा,” त्या फोरमनना म्हणाल्या. “आणि पिशवीतला धुतलेला बनियन.”

घाम येतो म्हणून फोरमन नेहमी एक जादा बनियन घेतात. आम्ही त्यावरून त्यांची वर्षानुवर्षं टिंगल केली होती. बाईंनी पिण्याच्या पाण्यानं आधी आपले हात धुतले, मग हातमोजे घातले, आणि बनियनची घडी करून ती जखमेवर दाबून धरली. पाय उचलून रिकाम्या पेटीवर ठेवायला लावला. कात्री जागेवर होती, दोरीला. तिनं शर्टाच्या पट्ट्या कापून घेतल्या. आमच्यातले दोघं गाडी मिळते का बघायला खाली पळाले, म्हणजे त्या बुटांत जेवढं पळता येतं तेवढं. रक्त घडीतून वर आलं तेव्हा टर्नरनं ती उचलून बघायला हात पुढे केला. बाईंनी त्या हातावर चापटी मारली, घडी तशीच ठेवली आणि तिच्यावर शर्टाची दुसरी घडी दाबली.

“बाई, मी जातो का?” टर्नरनं विचारलं. चेहरा चुन्यासारखा झाला होता.

“जाणारा माणूस एवढं बोलत नाही. पडून राहा.”

वीस मिनिटं त्यांनी हात हलवला नाही. दंड थरथरायला लागले तेव्हा फोरमननी मागे बसून आपली पाठ त्यांच्या पाठीला लावली. उघडे, पोट सुटलेले, उन्हात लाल झालेले फोरमन. हसण्यासारखं होतं, पण कुणी हसलं नाही. रक्त थांबलं. मग पट्ट्या बांधल्या, बोटं गार पडत नाहीत ना ते बघितलं, आणि आम्ही त्याला आळीपाळीनं उचलून रस्त्यापर्यंत आणलं.

हॉस्पिटलात नऊ टाके पडले आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. वेळेवर दाबून धरलं म्हणून बरं, असं तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, आणि दाबलं कशानं ते बघून त्याच्या भुवया वर गेल्या. आम्ही बाहेर लांब बाकावर ओळीनं बसलो होतो, खोक्यांसारखे. फोरमननी कुणाचा तरी आखूड सदरा घातला होता. त्या अवतारात त्यांनी चौकशी सुरू केली, अगदी कारखान्यात करत तशी. घड्या कुणी काढल्या? पट्ट्या कुणी? वर्तमानपत्र कुणाचं? त्या पेपरातलं शब्दकोडं अर्धवट सोडवलेलं होतं, आणि अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं होतं. मी कबूल झालो. मग एकेक करत सगळे झाले. शेवटी एकानं बूट काढून टाच दाखवली.

“अरे, बूट चावत होते तर सांगायचं,” फोरमन म्हणाले.

“कुणाला? तुम्हाला?”

फोरमननी आपल्या बुटांकडे पाहिलं. ते त्यांनाही चावत होते, हे तेव्हा त्यांच्या तोंडावरून कळलं. बहुतेक चिमूटभर माल त्यांच्याही टाचेला लागला होता.

तेवढ्यात बाई बोलल्या. आवाज चढवला नाही.

“यांना काय विचारता? सवय मी लावली.”

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. कारखान्यात प्रत्येक खात्यात भिंतीवर औषधाची पेटी असायची. एका वर्षी तपासणी आली, आणि स्टोअरमधून सात आठवडे माल आला नव्हता. पेटी अपुरी निघाली असती तर खात्यावर शेरा बसला असता. तेव्हा बाईंनी सगळ्या खात्यांत फिरून सांगितलं, काही संपलं तरी खोकं टाकू नका, नाव वर करून जागेवर ठेवा. तपासणीसानं झाकण उघडलं, बोट फिरवत खोकी मोजली आणि सही केली. तेव्हापासून ती रीतच पडली. माल आला तरी रीत गेली नाही. माणसं निवृत्त झाली, रीत नाही झाली.

स्टोअर माझ्याकडे होतं. बाईंचा मागणीचा कागद सात आठवडे माझ्या टेबलावर चहाच्या पेल्याखाली होता. बाईंनी हे सांगितलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे फार लक्ष देऊन बघत होतो.

“म्हणून कधी कुणाला बोलले नाही,” त्या म्हणाल्या. “उघडून बघायचं काम माझं होतं. परवा मीही त्या तपासणीसासारखी नुसती खोकी मोजली.” मग, कुणालाच उद्देशून नाही अशा सुरात, “दमले हो मी.”

आपलेच दात, आपलेच ओठ. फोरमननी त्यांचा हात घेतला आणि उगाच अंगठा चोळत बसले.

घरी जाताना पेटी बाईंच्याच खांद्यावर गेली. टर्नरची अट सगळ्यांना आठवत होती: जमेल असं वाटलं तर. नडगीला नऊ टाके पडलेल्या माणसाला काय वाटणार हे विचारायची गरज नव्हती. पुढच्या महिन्यातली सहल रद्द झाली. फोरमन मला सांगत, बाईंनी पेटीला हात लावलेला नाही, ती दाराआडच्या खिळ्याला लटकते आहे आणि जातायेता बाई तिच्याकडे पाठ करतात.

सहा आठवड्यांनी टर्नर आला. मी फोरमनकडे चहाला बसलो होतो, म्हणजे रोजच बसतो. टर्नर लंगडत होता आणि मागून वहिनी, त्याची बायको, पिशवी घेऊन. वहिनींनी बसायच्या आधीच सांगितलं, की सहा आठवडे हा माणूस पाय वर करून घरात पडून होता आणि मला स्वयंपाकातल्या चुका दाखवत होता. याला काहीतरी काम द्या, नाहीतर दुसरी नडगी मी फोडते. टर्नरनं खिळ्यावरची पेटी काढली आणि आतली उरलेली खोकी एकेक करून चेमटून कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग वहिनींच्या पिशवीतून आरपार दिसणाऱ्या, साखळी ओढून बंद होणाऱ्या छोट्या पिशव्या काढल्या. प्रत्येकीत एकेक वस्तू. पुठ्ठा कुठंच नाही. मग पेटीच्या बाहेरच्या बाजूला त्यानं पितळेची एक कडी बसवली, स्वतः कधीकाळी लेथवर काढलेली. ज्यानं काही संपवलं त्यानं रिकामी पिशवी आत ठेवायची नाही, या कडीला अडकवायची. सगळ्यांना लोंबताना दिसू दे, म्हणाला. फोरमननाही.

तो बाईंना एकेक पिशवी दाखवायला लागला. बाई खुर्चीत मागे टेकून बसल्या होत्या. त्यांनी हातानं थांबवलं.

“दाखवू नकोस. बघून मी एकदा फसले. न बघता सांग.”

टर्नरनं पेटी मांडीवर घेतली, डोळे छताकडे लावले आणि पाढे म्हणावेत तसा म्हणायला लागला. सगळ्यांत वर हातमोजे, दोन जोड. मग घड्या, मोठ्या सहा, छोट्या बारा. गुंडाळपट्ट्या चार. बाईंनी डोळे मिटले होते. ताणाच्या पट्टीपर्यंत त्या मान हलवत होत्या. तिकोनी कापडाला मान हलायची थांबली, आणि जखम धुवायच्या औषधापाशी ती एका खांद्याकडे कलली. इतक्या वर्षांत मी त्यांना दिवसा, चारचौघांत झोपलेलं पाहिलं नव्हतं. डोंगरावरसुद्धा त्या डोळे मिटत, पण कान उघडे असत. आता तोंड थोडं उघडं होतं.

फोरमननी ओठांवर बोट ठेवलं. पुरे, असं खुणेनं सांगितलं. टर्नरनं आवाज खाली आणला, पण थांबला नाही. न जाणो, परीक्षा चालू असली तर? चिमटा कुजबुजला, पुड्या कुजबुजल्या, ग्लुकोज किती आणि कधीपर्यंत चालेल ते कुजबुजलं, शिट्टी, कार्डं. माझं कार्ड म्हणताना त्यानं माझ्याकडे बघून दोन्ही शब्द नीट उच्चारले. मग संपलं. त्यानं श्वास सोडला.

“कात्रीची दोरी?” बाई म्हणाल्या.

डोळे मिटलेलेच होते. झोपेत विचारलं की जागेपणी, यावर आमच्यात अजून एकमत नाही. टर्नरनं पेटीत हात घातला. कात्री होती, दोरी नव्हती, ती त्या दिवशी डोंगरावरच राहिली असावी. त्यानं फोरमनकडे पाहिलं, फोरमननी वहिनींकडे. कुणाकडेच दोरी नव्हती. मग टर्नरनं आवाज न करता खाली वाकून, टाके पडलेला पाय सांभाळत, आपल्या त्या चावऱ्या बुटाची नाडी सोडवायला घेतली. तोवर बाई घोरायला लागल्या होत्या.